लेथचा नट कुणी नेला

नाव लिवा वाळकू. बापाचं नाव बुधा. गाव म्हनाल तर वैशाखऱ्याच्या अंगाला, रस्ता सोडून वर चढलं की आमची वाडी, बारा-पंधरा खोपी, जमीन कुनाचीच नाय. माजं नाव पयल्यांदा कागदावर चढलं ते शाळेत नाय, चौकीत चढलं. मला नुकतं मिसरूड फुटलं होतं, गावात कुनाची तरी तांब्याची घागर गेली नि पाटलाचा मानूस सरळ आमच्या वाडीत आला, दुसरीकडं कुठं गेलाच नाय. घागर मंग त्यांच्याच विहिरीत सापडली, गाळात रुतलेली. पन वहीत चढलेलं नाव कोन खोडतो? तुमी मघाशी वही काढलीत तवा मी जरा गप झालो ते त्याच्यामुळं. राग नका धरू. विचारा काय विचारायचं ते.

बाप ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्या लावायचा, छातीत धूर बसूनच गेला. आय जंगलातून हिरडा वेचून आनायची, वैशाखऱ्याला एक हिरडा घेनारा दुकानदार होता त्याला घालायची. त्याच्या तागडीत एका बाजूला आमचा हिरडा नि दुसऱ्या बाजूला एक लोखंडाचं चाक, कडेनं दाते, मधी भोक. तो बोलायचा हे पाच शेराचं. आय बोलायची, शेट, डोक्यावर तर लय जड लागतं हो, तागडीत कसं भरत नाय? तो बोलायचा, उन्हातून येता, वाटेत सुकला तुमचा हिरडा. आय मिळतील ते पैसे पदराला बांधायची. घरी येऊन मला बोलायची, मानूस बरा नाय तो. पन काय बरं नाय ते तिला सांगता यायचं नाय, मलाबी नाय.

मंग मी मुरबाडला बाबूशेठच्या भातगिरनीत लागलो, पोती उचलायला. ऑइल इंजिनावर गिरन चालायची. मला त्या इंजिनाचा नाद लागला, पोतं टाकलं की मी इंजिनाशी उभा. कुठं खरखरतं, कुठं तेल कमी हाय, कानाला कळायला लागलं. दोन-तीन वरसांत शेठनं मला इंजिनावरच घेतला. शेठ वाईट नव्हता, तसं नाय. लग्नाला लुगडं दिलं त्यानं माज्या बायकोला, हिरीला. पन सांजचं घरी निघताना माजी पिशवी बघायचा. माजीच, बाकी कुनाची नाय. हसत हसत बघायचा, काय रे वाळकू, आज काय नेतोस, असं. मीबी हसायचो. आनि त्याच्यामुळं झालं काय, मीबी तसाच झालो. मला कुनी गोड बोल्लं की मी पयलं बघनार ह्याच्या मनात काय हाय. बायकोला विचारा, ती सांगंल.

तर गिरनीचा शाफ्ट मोडला की तो गाडीत घालून कल्यानला न्यायचा, तिथं आठ-आठ दिवस पडून राहायचा, नि इथं भाताच्या गाड्या दारात उभ्या. म्हनून शेठच्या मनात आलं आपलाच लेथ पायजे. लेथ तुमी बघितला नसंल. कुंभाराचं चाक आडवं घातलं तर कसं दिसंल, तसं. लोखंड गरगर फिरतं नि हत्यार जागच्या जागी राहून त्याला सोलतं, काकडीगत. नवा लेथ घ्यायची कुनाची ऐपत? पन किन्हवलीच्या पुढं जंगलात लढाईच्या वख्ताला एका लाकडाच्या ठेकेदाराचा कारखाना होता, लढाई संपली नि ठेकेदार गेला, सायबाच्या देशातला एक जुना लेथ तिथं शेडमधी पडलेला. दहा वरसं पडलेला. शेडचे पत्रे लोकांनी नेलेले, लेथच्या एका पायात वारूळ चढलेलं. शेठनं तो घेतला नि दोन बैलगाड्यांत घालून मुरबाडला आनला. आनि तो उभा करायला भिवंडीहून युसूफ मिस्त्रीला आनला.

युसूफ मिस्त्री तवा पंचेचाळीसच्या पुढचा असंल. मुंबईत एका कापडगिरनीच्या वर्कशॉपात टर्नर होता, म्हंजे लेथवरचा कारागीर, खोकला लागला म्हनून घरी परत आलेला. बारीक मानूस, पांढरा सदरा, सदऱ्याला कदी डाग नाय, त्या गंजाच्या कामात डाग कसा पडायचा नाय ते मला अजून कळलं नाय. पयल्या दिवशी आला नि लेथच्या लांब लोखंडी पाटावरून अंगठ्याचं नख फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मंग बोल्ला, वरून मेलाय, आतून जिवंत हाय. मला वाटलं हा शेठला बनवतोय. दिवस वाढवायला असं बोलतात लोक.

दोन महिने आमी दोघं त्याच्यावर बसलो. रॉकेल पाजायचं, काथ्यानं घासायचं, परत रॉकेल. एकेक बोल्ट हलायला दोन-दोन दिवस. मिस्त्री ठोकू द्यायचा नाय. बोलायचा, बिडाच्या लोखंडाला मारलंस तर तुटंल, थांब, त्याला वाटू दे की त्यालाच सुटायचंय. काम मी त्याच्याकडनं शिकलो ह्यात खोटं नाय. पन तो एक करायचा. पितळेचं जे काय निघंल, तेलाची कुपी, बुश, लहान बोल्ट, ते आपल्या रुमालात बांधून आपल्या पेटीत ठेवायचा, कुलूप घालून. लोखंड तसंच उघड्यावर. पितळ तेवढं पेटीत. मी बघायचो. मी बघतोय ते त्याला दिसायचं.

आनि निम्मं सामान नव्हतंच. चक नाय, लोखंड ज्याच्यात धरतात तो. मोठं दात्यांचं चाक नाय. बारकी चाकं पन नायत. ज्याला जे उचलवलं ते त्यानं नेलं. मिस्त्रीनं कागदावर गोल काढले, कुनाचे दाते किती ते मांडलं, नि आमी गावं फिरायला लागलो. लोक दारात उभं करंनात. दहा वरसांनी आज कसं आठवलं? सरकारचं मानूस हाय काय? एक म्हातारी तर आमाला बघून अंगनातला पाटा-वरवंटा पन घरात घेऊन गेली. शहापूरला एक लोहार होता, तो बोल्ला, चक? कसला चक? मी ऐकलंबी नाय. मिस्त्री त्याच्यासमोर बसला, चहा मागितला, इकडचं तिकडचं बोल्ला, नि उठताना त्याच्या ऐरनीखाली हात घालून बोल्ला, बाबा, ऐरन चांगली बसलीय, खाली लोखंडाचा पाट गोल हाय वाटतं? लोहाराचं तोंड उतरलं. चक तिथंच होता. मिस्त्रीनं त्याला गिरनीच्या जुन्या शाफ्टचा एक जाड तुकडा ऐरनीखाली घालायला दिला नि चक घेतला, भांडन नाय काय नाय. मी वाटेत बोल्लो, त्याला चोर का नाय बोल्लात? मिस्त्री बोल्ला, पडलेलं उचललं त्यानं, सांभाळलं. गंजला नाय बघ.

मोठ्या चाकाचा कागद मात्र मी बघितला नि माजं डोकं फिरलं. एवढ्या घेराचं, मधी भोक, कडेनं दाते. ते मी बघितलं होतं. कुठं बघितलं होतं ते तुमाला कळलं असंल.

आमी वैशाखऱ्याला गेलो तवा हिरड्याचा बाजार होता, बायका पाट्या घेऊन बसलेल्या, त्यात माजी आय पन. चाक तागडीतच होतं. मिस्त्रीनं गिरनीतून शिक्क्याचं पाच शेराचं वजन आनलं होतं, नवंकोरं. तो दुकानदाराला नीट बोल्ला, शेट, हे चाक आमच्या यंत्राचं हाय, त्याच्या बदल्यात हे पक्कं वजन घ्या. दुकानदार बोल्ला, नको, मला हेच बरं हाय. मिस्त्री बोल्ला, अहो शिक्क्याचं हाय, नवं हाय. तो बोल्ला, नको बोल्लो ना. आता बघा, तेवढ्यापर्यंत बायकांचं लक्ष नव्हतं. पन नव्या वजनाला मानूस नको का बोलतो? एक बाई उठली, मंग दुसरी. माजी आय उठली, तिनं कुनाला न विचारता ते नवं वजन उचललं नि रिकाम्या पारड्यात ठेवलं. एका बाजूला चाक, एका बाजूला शिक्क्याचं वजन. चाकाचं पारडं धाडकन खाली गेलं. मिस्त्रीनं वरून पावशेर टाकला, अर्धा शेर टाकला, सगळं मिळून सव्वा शेर झालं तवा काटा सरळ झाला. हिरड्याच्या दर पाच शेरामागं सव्वा शेर, दर बाजाराला, वरसानुवरसं. दुकानदार बोलायला लागला, मला काय ठावं, मला ज्यानं दिलं त्यानं सांगितलं पाच शेराचं. बायकांनी आपापल्या पाट्या उचलल्या. मला वाटलं आय हसंल, काहीतरी बोलंल. तिनं पाटी डोक्यावर घेतली नि वाडीच्या वाटेला लागली, मागं वळून बघितलं पन नाय. मानूस बरा नाय हे तिला आधीच ठावं होतं, तिला आता नुसतं वजन कळलं.

चाक आमाला मिळालं. बारकी चाकं मिस्त्रीनं लाकडाचे साचे करून कल्यानच्या एका ओतकामाच्या भट्टीवर ओतून आनली नि दाते कानशीनं हातानं घातले. आनि एके दिवशी इंजिनाचा पट्टा चढवला नि लेथ फिरला. आवाज कसा सांगू, मांजर पोटातल्या पोटात गुरगुरतं तसा. शेठनं नारळ फोडला.

एकच गोष्ट खोडी करत होती. लेथला एक लांब स्क्रू असतो, नि त्याच्यावर पितळेचा नट बसतो, दोन फाकांचा, दांडा दाबला की दोन्ही फाका स्क्रूला मिठी मारतात. बोल्टाला आटे पाडायचे तर तो नट पायजेच, त्याच्याबिगर आटे पडनार नायत. आमचा नट आतून झिजला होता. मधीच उडी मारायचा नि पडलेले आटे सगळे खराब. मिस्त्री तो दांडा हातानं दाबून धरायचा, घाम यायचा त्याला, पन काम निघायचं.

मंग भाताचे दिवस आले. शहापूरच्या एका गिरनीचा मोठा स्क्रू तुटला, त्यांनी आमच्याकडं पाठवला, गाड्या थांबल्यात, लवकर द्या. मिस्त्री दर गुरवारी भिवंडीला जायचा, जुम्म्याचा नमाज तिकडं, शनवारी परत. तसा तो गेला. शुक्रवारी सकाळी शहापूरचा मानूस आला, शेठ बोल्ला, वाळकू, तू चढव तोपर्यंत, आटे जमतील तेवढे पाड. मी लेथवरचं गोनपाट काढलं, दांडा दाबला, तर दांडा तसाच खाली आला, रिकामा. आत हात घातला. नट नाय. दोन्ही फाका नायत.

शेठला सांगितलं. त्यानं पयलं काय केलं असंल? माज्या पिशवीकडं बघितलं. माजी पिशवी खुंटीला होती, भाकर होती तिच्यात. शहापूरचा मानूस बघतोय, गिरनीतले सगळे बघतायत. शेठ मला बाजूला घेऊन बोल्ला, वाळकू, पितळ हाय, मला कळतं, कुनाला दिलंस ते सांग, मी कुनाला बोलनार नाय. मी बोल्लो, शेठ, मी नाय. तो बोल्ला, बघ, मला आधीच कुनीतरी सांगून ठेवलं होतं. कुनी, ते बोल्ला नाय. जेवनाच्या आधी मी चौकीवर होतो.

जमादारानं जुनी वही काढली. पानं उलटली, बोट ठेवलं नि बोल्ला, तुजं नाव तर हाय की इथं, घागर. मी बोल्लो, ती विहिरीत सापडली. तो बोल्ला, तसं लिवलेलं नाय. मारलं का ते विचारू नका. हिरी दाराबाहेर बसली होती, लहान्याला घेऊन, तिला सगळं ऐकू जात होतं. आनि मंग मी बोल्लो. मी बोल्लो, मिस्त्रीनं नेला असंल, पितळ तोच पेटीत घालतो, तोच भिवंडीला गेलाय, तिकडं इकतो. बघा आता. नेला असंल असं मी बोल्लो, पन इकतो ते ठाम बोल्लो. मला ठावं नव्हतं नि मी ठावं असल्यावानी बोल्लो. त्या वख्ताला मला ते खरंच वाटत होतं, हे पन सांगतो. रुमाल, पेटी, कुलूप, सगळं डोळ्यासमोर आलं नि मला वाटलं, सापडला.

दुसऱ्या दिवशी दोन शिपाई भिवंडीला गेले. नट त्याच्या घरातच होता. कोनाड्यात, फडक्यात गुंडाळून. त्याच दिवशी त्याच्या मुलीला, जुबेदाला, बघायला पाहुने आले होते, ठान्याहून. चटईवर बसले होते, शरबत हातात. शिपाई आत शिरले, डबे उलथले, तांदूळ सांडले, पेटी फोडली. पाहुन्यांनी ग्लास खाली ठेवले नि चपला घातल्या. हे मला मागाहून कळलं. मला त्या दिवशी एवढंच कळलं की मला सोडलं नि त्याच बाकड्यावर मिस्त्रीला बसवला. आमी दारात एकमेकांसमोर आलो. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला बगलेत फाडलेलं होतं. त्यानं माज्याकडं बघितलं, मी खाली बघितलं.

जमादाराला तो एकच बोलत होता, नवा ओतायला नमुना म्हनून नेला. जमादार विचारायचा, मंग सांगून का नाय नेलास? त्याच्यावर तो गप व्हायचा. शेठ बोल्ला, मी कशाला मधी पडू, सापडला ना माल.

मी घरी गेलो. हिरी भाकर वाढत बोल्ली, सुटलात, चांगलं झालं. मंग थोड्या वेळानं बोल्ली, पन इकायचा असता तर कोनाड्यात कशाला ठेवंल? मी बोल्लो, गप बस. पन भाकर तशीच ठेवली. उठलो नि गिरनीत गेलो, मिस्त्रीचं बाकडं होतं तिथं. खाली बघितलं तर सागाच्या ताज्या ढलप्या पडलेल्या, बारीक, साचा कोरल्याच्या. नि भिंतीला खिळ्यावर एक कागद. मला वाचता येत नाय, पन त्याची चित्रं मला कळायची. दोन फाका काढलेल्या, नटाच्या, नि भोवतीनं दुसरी रेघ, जरा मोठी. ओतीव पितळ थंड होताना आकसतं, म्हनून साचा नेहमी मोठा करतात. हे मला त्यानंच शिकवलं होतं.

पयली एसटी धरून कल्यानला गेलो. भट्टीवाला मला बघून बोल्ला, तू कोन? मिस्त्रीचं काम तुज्या हातात कसं देऊ? मी बोल्लो, मिस्त्रीला चौकीत बसवलंय. तो आनखीच बिचकला, बोल्ला, मंग तर नायच देत, तुजाच हात असंल त्याच्यात. काय बोलनार मी? होताच. मी त्याला बोल्लो, होय, माजाच हात हाय, म्हनून तर आलोय, मला देऊ नको, तूच घेऊन चल. मंग त्यानं मातीतून काढलेलं खडबडीत ओतकाम नि सागाचा साचा पोत्यात घातला, भट्टी भावाच्या हवाली केली नि माज्याबरोबर निघाला.

जमादार तरी ऐकंना. बोल्ला, हे कुनीबी ओतंल, ह्याच्यावर काय नाव लिवलंय? तवा मिस्त्री बाकड्यावरनं पयल्यांदा बोल्ला, सायेब, मला लेथवर न्या, जुना नट चढवा, नवा त्याच्यावरच तयार करून दावतो. बसला तर सोडा, नाय बसला तर जे करायचं ते करा. जमादाराला पन बघायचं होतं, मानूसच तो. आमी सगळे गिरनीत आलो. मिस्त्रीनं ओतकामाच्या दोन फाका कथलानं जोडून एक केल्या, चकात धरल्या, आतून भोक मारलं नि आटे पाडायला घेतले. जुना नट उड्या मारनारा. एक उडी मारली असती तर सगळं गेलं असतं, नवं पितळ बी नि मानूस बी. त्यानं दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला. मंग माज्याकडं न बघता बोल्ला, वाळकू, पट्टा संबाळ. मी पट्ट्यावर उभा राहिलो. चार तास लागले. गिरनीत शंभर मानूस जमलं असंल. शेवटी त्यानं तो नट तापवला, कथील वितळलं, दोन फाका सुटल्या, त्या लेथमधी बसवल्या नि मला बोल्ला, तू दाब. मी दांडा दाबला. टक. एवढाच आवाज. मंग शहापूरच्या स्क्रूवर आटे पाडले, दोरा ओवल्यागत पडले, एक उडी नाय.

जमादार बोल्ला, बरं बरं, जा घेऊन तुमचा मिस्त्री. शेठ हसत हसत पुढं आला, बोल्ला, मिस्त्री, चहा सांगू? मिस्त्रीनं कानशी, कंपास, हत्यारं एकेक पुसून पेटीत भरली, पेटीचं कुलूप मोडलेलं म्हनून सुतळीनं बांधली, नि एसटीला गेला. परत आला नाय.

लेथ मंग माज्याकडं आला, दुसरा कोन होता? मला लोक मिस्त्री बोलायला लागले. शेठनं पिशवी बघायची सोडली, पन मीच सांजचं त्याच्यासमोर उलटी करून दाखवायचो, त्याला लाज वाटावी म्हनून. आठ-दहा वरसं अशी गेली. कुठं जुना लेथ मेला, शहापूर म्हना, मुरबाड म्हना, पडघ्यापर्यंत, वाळकूला बोलवा. सामान शोधायचं तर अजून तसंच, कुनाच्या गोठ्यात, कुनाच्या विहिरीवर. म्हसा गावच्या जत्रेत लोक बैल बघतात, मी पालांच्या दोऱ्या कशाला बांधल्यात ते बघत फिरतो, एकदा तिथं एका मिठाईवाल्याच्या पालाला एक पुली मिळाली. आनि दर वेळी इकनारा माज्याकडं संशयानं बघतो नि मी त्याच्याकडं.

मंग मागल्या साली एक ट्रकवाला आला, बोल्ला, भिवंडीच्या युसूफ मिस्त्रीनं बोलावलंय, एक जुना लेथ हाय. मला झोप नाय. एवढ्या वरसांनी कशाला? काय काढनार हा? हिरी बोल्ली, जाऊन तर बघा, मारनार तर नाय. गेलो. मिस्त्री लय थकला होता, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, दिसत नव्हतं. मागच्या पडवीत एक लहानसा लेथ होता, कापडाच्या मागांवाल्या कुनाचा. बोल्ला, वाळकू का? ये. नख फिरवून सांग, पाट कुठं खाल्लाय, माज्या बोटांना आता कळत नाय. तीन दिवस मी तिथं काम केलं. तो बाजूला खाटेवर बसून आवाजावरनं सांगायचा. तिसऱ्या दिवशी लेथ फिरला, मी पट्टा उतरवला, तवा तो बोल्ला, वाळकू, त्या वख्ताला नाव तूच घेतलंस ना? मी बोल्लो, होय. तो बोल्ला, मला ठावं होतं. मंग बोल्ला, आता माजं ऐक. शेठला पयल्या महिन्यात मीच सांगितलं होतं, पोरगा हुशार हाय पन वाडीतला हाय, पितळेवर नजर ठेव. नट पन म्हनूनच गुपचूप नेला. तुला सांगितलं तर तू जुना इकशील असं वाटलं. चौकीत हे कसं बोलनार, तू समोर होतास.

काय सांगू तुमाला, मला राग आला का? नाय आला. मला हलकं वाटलं. दोघं पन सारखेच निघालो. तो हसला, मी हसलो, मी त्याचा हात धरला.

जुबेदा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाते, लग्न तिचं झालं नाय, त्या दिवसानंतर पाहुने आलेच नायत त्या घरी. तिनं कप खाली ठेवले नि बोल्ली, झालं तुमचं दोघांचं? फिटलं? मंग माज्याकडं बघून बोल्ली, त्या दिवशी पाहुन्यांसमोर चटईवर मी बसले होते.

तिनं कप ठेवताना सांडलेला चहा पुसला नि कामावर गेली.

मिस्त्री पावसाळ्याआधी गेला. मी मातीला गेलो होतो. आता महिन्या दोन महिन्यांनी भिवंडीला जातो, मागांच्या भंगारात लेथचं सामान निघतं. जुबेदाला ठावं असतं कुठल्या गल्लीत काय पडलंय, ती सांगते, नीट सांगते, कदी खोटं नाय सांगितलं. पन घरात ये असं बोलत नाय. मी रस्त्यावर उभा राहतो, ती दारातून सांगते, नि दार लावून घेते. तिनं तसंच करावं. मी तिच्या जागी असतो तर सांगितलंबी नसतं. देव हाय का नाय मला ठावं नाय, असला तर त्यानं तिच्याकडं बघावं, तिच्या हातांना बळ द्यावं, कांड्या भरून भरून बोटं कापतात तिची. माज्याकडं नाय बघितलं तरी चालंल.